परीक्षा आली म्हणून चालणं सोडू नका

परीक्षा जवळ आली की तुमच्या दिवसातून आधी काय जातं? संध्याकाळचं मैदान जातं. मग फिरणं जातं. मग सकाळचा नाश्ता. मग झोप. उरतं ते नुसतं बसणं. पुस्तक घेऊन बसायचं, लॅपटॉप घेऊन बसायचं, आणि दोन्हींचा कंटाळा आला की त्याच पलंगावर मोबाइल घेऊन बसायचं.

हा क्रम बदला, एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे. सबमिशन असो, इंटर्नल असो की सेमिस्टरची परीक्षा असो. बाकी काय हवं ते कमी करा. अंग हलवणं सगळ्यांत शेवटी सोडा. शक्यतो सोडूच नका.

मी कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवलं आहे. पहिल्या वर्षाची मुलं-मुली जुलै-ऑगस्टात मैदानावर धडकायची. चिखल असला तरी कबड्डी व्हायची. तीच मुलं शेवटच्या वर्षाला व्हरांड्यात भेटायची, तेव्हा खांदे उतरलेले आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "मॅडम, वेळच मिळत नाही," म्हणायची. त्यांच्यावर रागवावंसं कधी वाटलं नाही. काळजी वाटायची. मैदान सोडून वाचवलेला तास अभ्यासात लागला आहे, असंही त्यांच्याकडे बघून वाटायचं नाही.

आधी एक साधं काम करा. कागद घ्या. काल तुम्ही किती वेळ बसून किंवा लोळून होता, ते लिहा. रात्रीची झोप धरू नका. वर्गातले तास, जर्नल उतरवणं, बसचा प्रवास, मेसचं जेवण, अभ्यासिका, रात्रीच्या रील्स. बाकी सगळं धरा आणि बेरीज करा.

बेरीज दहा-बारा तासांवर गेली तर घाबरू नका. पुष्कळांची तेवढी येते. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असं त्यात दिसलं. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के होतं, स्त्रियांत 57 टक्के. तेव्हा स्वतःला आळशी म्हणून बोल लावू नका. आपले वर्ग, नोकऱ्या, करमणूक, सगळंच बसून करायचं झालं आहे. त्यातून वाट मात्र काढायला हवी.

बसून राहण्याचा धोका ओळखला गेला, त्याला बरीच वर्षं झाली. लंडनचे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी तिथल्या बसवाल्यांची तब्येत तपासली होती. ड्रायव्हर दिवसभर बसून असायचा. कंडक्टर तिकिटं देत दुमजली बसचा जिना दिवसभर चढायचा-उतरायचा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असं त्यांना आढळलं. हे 1953 साली प्रसिद्ध झालं.

तुमच्या वयात हृदयविकार फार लांबचा वाटणार. म्हणून आजचंच बोलू.

मान धरते. कंबर भरून येते. जेवल्यावर तासाभरात डोळे मिटायला लागतात. पोट साफ होत नाही. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. आणि एवढं करून रात्री अंथरुणावर पडलं की झोप येत नाही.

यातलं शेवटचं नीट समजून घ्या. दिवसभर डोकं राबलं, अंग राबलंच नाही. त्यामुळे पडल्यावर डोकं थांबत नाही आणि अंग झोप मागत नाही. हात मोबाइलकडे जातो. दोन वाजतात. सकाळचा पहिला तास बुडतो, नाहीतर पेंगत जातो. दुपारी जाग यावी म्हणून चहा, रात्री पुन्हा चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन साधारण पाच तासांनीही निम्मं शरीरात असतं. म्हणजे रात्री नऊला घेतलेली कॉफी दोन वाजता तुमच्याबरोबर जागीच असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे पंधरा दिवस गेले की माणूस अभ्यासानं दमला की न झोपल्यानं, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

पायांचंही ऐका. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन् तास बसलं की हे काम मंदावतं, म्हणून पाय जड होतात. जेवणातून रक्तात आलेली साखर स्नायूंनी वापरायची असते. ते स्वस्थ पडून असले की ती रक्तात रेंगाळते. आजी जेवल्यावर शतपावली घालायला सांगायची, ते योग्यच होतं.

आता मनाच्या थकव्याकडे येऊ. तुम्ही त्याला बर्नआउट म्हणता. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या. 1981 पासून त्या जगभर वापरल्या जातात. पहिल्यांदा त्या नोकरदारांसाठी होत्या, पुढे विद्यार्थ्यांनाही लावून पाहिल्या गेल्या. तुम्हीही स्वतःला विचारून पाहा.

झोपून उठलं तरी थकवा जात नाही, असं होतंय का?

हौसेनं घेतलेल्या विषयाचा वीट आलाय का? "काय उपयोग याचा" असं सारखं मनात येतं का?

काही केलं तरी आपल्याला जमत नाही, असं वाटतं का? बरे मार्क पडले तरी?

एखादा आठवडा असं सगळ्यांचंच होतं. चार दिवस घरी जाऊन, आईच्या हातचं जेवून आलं की उतरतं. तिन्ही गोष्टी एकदम आल्या आणि महिनाभर हलल्या नाहीत, तर मात्र ते अंगावर काढू नका. त्यावर पुढे बोलते.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. चालण्यानं सगळं बरं होईल, असं मी म्हणणार नाही. बर्नआउट बहुतेक वेळा अति भारातून येतो. एकाच आठवड्यात चार सबमिशनं, मागची केटी, शैक्षणिक कर्ज, घरच्यांची आशा. फिरून आल्यानं यातलं काही नाहीसं होत नाही. त्यासाठी वर्गशिक्षकांशी बोला. सगळ्या वर्गानं मिळून तारखा पुढे-मागे करून मागा. केटीचे सगळे पेपर एकदम अंगावर घेऊ नका. हे मागण्यात कमीपणा नाही. चालण्यानं मात्र झोप लागते, भूक लागते, चिडचिड उतरते. भार पेलायला हेच लागतं.

आणि जे विद्यार्थी संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करतात, दुकानात उभे राहतात, 'कमवा आणि शिका' योजनेत राबतात, त्यांनी माझा हा उपदेश जसाच्या तसा घेऊ नये. तुमचं अंग राबलेलंच असतं. तुम्हाला पोटभर जेवण आणि पुरी झोप आधी हवी. वाचताना मधूनमधून उठा, तेवढं पुरे.

बाकीच्यांनी किती करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलेलं माप असं आहे. मोठ्या माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणं हा मध्यम व्यायाम. धावणं, कबड्डी, जोरात पोहणं असा दमवणारा व्यायाम असेल तर 75 ते 150 मिनिटं पुरतात. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी करावं. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटं भरभर चाललात तरी किमान माप भरलं. किती भरभर? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं.

तुमच्या सोयीचं आणखी एक आहे. पूर्वी सांगत, की एका वेळी निदान दहा मिनिटं सलग व्यायाम झाला तरच तो धरायचा. 2020 मध्ये ती अट काढून टाकली. सकाळी पाच मिनिटं, दुपारी आठ, रात्री दहा, सगळं जमेला धरलं जातं.

तेव्हा दिवसातच जागा शोधू.

सकाळी उठल्याबरोबर मोबाइल उघडू नका. तोंड धुवा, पाणी प्या आणि खोलीबाहेर पडा. गच्ची असेल तर गच्चीवर, नाहीतर गल्लीच्या टोकापर्यंत. दहा मिनिटं उजेडात चाला. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री वेळेवर झोप येते. सगळ्यांत स्वस्त औषध हेच आहे.

कॉलेजला जाताना जवळच असाल तर गाडीवर बसू नका. मित्र सोडतो म्हणाला तर त्यालाच उतरवा, दोघं चालत जा. बसनं येत असाल तर एक थांबा आधी उतरा. लिफ्टसमोर रांग असली की जिना धरा.

अभ्यासाला बसलात की अर्ध्या तासानं उठायचं ठरवा. मोबाइलचा गजर फार जवळ ठेवू नका, नाहीतर गजर बंद करून तिथेच रमाल. त्याऐवजी पाण्याची बाटली लहान घ्या. ती संपली की भरायला उठावंच लागतं. उठलात की पन्नास-साठ पावलं चाला. अभ्यासिकेत बाहेर जाता येत नसेल तर खुर्चीमागे उभं राहून टाचा वीसदा उचला. पोटऱ्या कामाला लागतात, कुणाला त्रासही होत नाही.

पाठांतर फिरत करा. व्याख्या, सूत्रं, कलमं, सनावळ्या, यासाठी टेबल लागत नाही. कागदाचा चिठोरा हातात घ्या आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घाला. वायवाची तयारी दोघांनी फिरत करावी. एकानं प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. आवाजात सांगितलेलं लक्षात राहतं, आणि झोप तर येतच नाही.

पलंगावर अभ्यास करू नका. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. खोलीत चार पलंग, एक टेबल, तेही डब्यांनी भरलेलं. तरी निदान वाचताना भिंतीला पाठ टेकून बसा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. लॅपटॉपवर लेक्चर बघायचं असेल तर खाली चार जाड पुस्तकं घाला म्हणजे मान खाली जाणार नाही. पोटावर झोपून लॅपटॉप बघण्याची सवय मात्र आजच सोडा. आज वीस वर्षांच्या मुलांना जी मानदुखी होते, ती पुष्कळदा इथूनच सुरू होते.

जेवण झालं की मेसमधून खोलीवर लांबच्या रस्त्यानं या. दुपारी दहा मिनिटं, रात्री पंधरा. रात्रीची शतपावली मित्रांबरोबर असू द्या. त्या वेळी अभ्यासाचा विषय काढायचा नाही, असं आपसात ठरवा.

आठवड्यातून दोन दिवस अंगाला जोर द्या. त्याला जिमची गरज नाही. सतरंजीएवढी जागा असली की सूर्यनमस्कार होतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून ते सुरू केले होते, स्वतः रोज घालत होते. बारा स्थितींत मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळ्यांना ताण बसतो, आणि दिवसभर खुर्चीत आखडतं तेही नेमकं हेच. आधी पाच घाला. आठवड्यानं सात करा. घाई केली की कंबर लचकते. सूर्यनमस्कार नको असतील तर वीस बैठका आणि भिंतीला हात टेकून दहा-पंधरा जोर. तेही पुष्कळ झालं.

जिमला जायचं असेल तर जरूर जा. फक्त वर्षाची फी एकदम भरू नका, आणि ओळखीच्या कुणाच्या सांगण्यावरून पावडरी, इंजेक्शनं घेऊ नका.

सुट्टीच्या दिवशी मात्र खोलीत कोंडून घेऊ नका. पुण्यात असाल तर पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेत, वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी आहे. कोल्हापुरात रंकाळा आहे, शिवाजी विद्यापीठाचा एवढा मोठा परिसर आहे. नागपुरात अंबाझरी आणि फुटाळा. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठामागच्या डोंगरात लेणी आहेत. पणजीजवळ ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचेच रस्ते चालायला मोकळे आहेत. टेकडीवर अंधारात किंवा एकट्यानं जाऊ नका. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून ऊन वाढतं, तिथे आठच्या आत परत या आणि पाणी बरोबर ठेवा.

मुलींशी मला थोडं वेगळं बोलायचं आहे.

स्त्रियांतलं 57 टक्क्यांचं प्रमाण मी वर सांगितलं. त्यामागे तुमचा कंटाळा नाही. संध्याकाळी मैदान मुलांनी भरलेलं असतं. होस्टेलचं दार लवकर बंद होतं. रस्त्यावर लोक बघतात, काहीतरी बोलतात. घरी असलात तर कॉलेजहून आल्यावर स्वयंपाकाला हात लावावा लागतो, भावाला लागत नाही. हे सगळं मी पाहिलं आहे.

म्हणून एकेकटीनं वाट शोधत बसू नका. चौघी-पाचजणी मिळून शारीरिक शिक्षण संचालकांकडे लेखी मागणी करा, की आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचा एक तास मैदान किंवा बॅडमिंटन हॉल मुलींसाठी राखून ठेवा. एकीच्या तोंडी मागणीला उत्तर मिळत नाही, पाच सह्यांच्या अर्जाला द्यावं लागतं. ते होईपर्यंत होस्टेलची गच्ची आणि जिना तुमचाच आहे. दोरीच्या उड्या, लंगडी, फुगड्या, काहीही चालेल. गाणी लावून नाचलात तरी तो उत्तम व्यायाम आहे.

पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढं चालायला हरकत नाही. पुष्कळजणींना त्यानं बरंच वाटतं. दुखत असेल तर आराम करा.

आणि सतत थकवा असेल, जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी रक्त तपासा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मुलांनीही थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्यावं. कधी कधी आपण ज्याला बर्नआउट समजतो, तिथे खरी गरज लोहाच्या गोळ्यांची असते.

खाण्याचं थोडक्यात सांगते. नाश्ता बुडवू नका. पोहे, उपमा, दोन पोळ्या आणि गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी, जे परवडेल ते खा. मेसचा वरण-भात पातळ असतो, म्हणून खोलीत भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा. बिस्किटांच्या पुड्यावर दिवस काढून धावायला गेलात तर चक्कर येईल.

आता परीक्षेच्या पंधरा दिवसांचं.

या दिवसांत नवं काही सुरू करू नका. रोजचं फक्त निम्म्यावर आणा. चाळीस मिनिटं चालत असाल तर वीस चाला. पेपरच्या आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं बाहेर पडाच. तुम्हाला वाटेल, या वीस मिनिटांत एक प्रश्न झाला असता. होईल, पण दमलेल्या डोक्यानं वाचलेला तो प्रश्न सकाळी आठवणार नाही. पेपरला जाताना शेवटचा टप्पा चालत जा. पेपर झाल्यावर लगेच उत्तरं ताडून बघत बसू नका. आधी थोडं चाला, खा, मग पुढच्या विषयाकडे वळा.

झोप सात तासांच्या खाली आणू नका. तुमच्या वयाला सात ते नऊ तास लागतात. दुपारी चारनंतर कॉफी नको, चहाही कमी. विश्रांती म्हणून मोबाइल हातात घेता, तेव्हा डोळे आणि डोकं पुन्हा कामालाच लागलेले असतात. खरंच थकला असाल तर वीस मिनिटं डोळे मिटून पडा, नाहीतर बाहेर जाऊन या.

टिळकांचं तुम्ही ऐकलं असेल. ते डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा अंगानं अशक्त होते. पहिलं वर्ष त्यांनी तालीम आणि पोहणं यांत घातलं, आणि ते वर्ष अभ्यासाच्या दृष्टीनं गेलं. पुढे 1877 साली गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. कमावलेलं शरीर त्यांना मंडालेच्या तुरुंगातही उपयोगी पडलं असणार, असं मला नेहमी वाटतं. तुम्ही वर्ष घालवावं असं मी सुचवत नाही. पण एवढ्या बुद्धीच्या माणसालाही प्रकृतीकडे आधी बघावं लागलं, हे तुमच्या घरच्यांनाही सांगा.

काही बाबतींत मात्र थांबायचं. चालताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, दम्याचा त्रास वाढला, तर व्यायाम तिथेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. लहानपणापासून हृदयाचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर सुरुवातच त्यांना विचारून करा.

मनाचंही तसंच. पंधरा दिवस चालून, झोपून, जेवूनही मन वर येत नसेल, उठावंसंच वाटत नसेल, जगणं नकोसं वाटायला लागलं असेल, तर ते चालण्यानं जाणारं नाही. त्या दिवशी कुणालातरी सांगा. मित्राला, बहिणीला, रेक्टरना, ज्या कुणाशी तुम्हाला बोलवेल त्याला. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे. 14416 हा तिचा क्रमांक. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. औषधं चालू असतील तर व्यायाम सुरू केला म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. खोलीतला मित्र बरेच दिवस अंघोळ करत नसेल, मेसला येत नसेल, तर त्याला चिडवू नका. त्याला सोबत घेऊन खाली चहाला जा, आणि बोलला तर ऐकून घ्या.

घरच्यांनाही एक विनंती. रात्रीच्या फोनवर "अभ्यास झाला का" हे तुम्ही विचारणारच. त्याआधी "जेवलास का, बाहेर जाऊन आलीस का" एवढं विचारा. मुलगा सुट्टीत घरी आला आणि मित्रांबरोबर क्रिकेट खेळायला गेला, तर "परीक्षेचं काय" म्हणून हटकू नका. आणि मुलगी फिरायला निघाली तर तिच्याबरोबर तुम्हीही निघा. तुमचंही बसणं काही कमी नसतं.

शिक्षकांनो, दोन तास सलग असतील तर मध्ये दोन मिनिटं वर्गाला उभं राहू द्या. त्यानं शिस्त बिघडत नाही. दुसऱ्या तासाला मागच्या बाकांवरचे डोळे उघडे राहतात, हे तुमच्याही लक्षात येईल.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या फीच्या पावतीवर बहुतेक 'जिमखाना' असं एक कलम असेल. ते पैसे तुम्ही भरलेले आहेत. कॉलेजात एक जिमखान्याची खोली असते. आत व्हॉलीबॉल, बॅडमिंटनच्या रॅकेटी, दोऱ्या, कॅरम असतो, आणि बऱ्याचदा तिथे फक्त संघात निवडलेली दहा-बारा मुलं जातात. तुम्हाला संघात जायचं नसलं तरी तिथे जाता येतं. उद्या मधल्या सुट्टीत एका मित्राला घेऊन तिथे जा. खोली कधी उघडते, रॅकेट ओळखपत्रावर मिळते का, एवढं विचारून या. खोली बंद असेल तर किल्ली कुणाकडे असते, ते शिपाईमामांना विचारा.